कासवाचा निकाल

जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली 'न्यायमूर्ती' म्हणायची, आणि हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं. कोणाला जुनी लेन्स विकत घ्यायची असली की तो आधी ती त्यांच्याकडे दाखवायला आणायचा. ते ती तीन दिवस ठेवून घ्यायचे आणि चौथ्या दिवशी एका पांढऱ्या चिठ्ठीवर एकच शब्द लिहून ती चिठ्ठी दोऱ्यानं लेन्सला बांधून द्यायचे. 'घ्या' किंवा 'नको'. कारण विचारलं तर सांगायचे, पण तासभर सांगायचे, म्हणून कोणी विचारत नसे. चिठ्ठी एकदा बांधली की फिरत नसे. एका डॉक्टरांनी 'नको'ची लेन्स हट्टानं घेतली, पाच वर्षं तिच्यावर फोटो काढले आणि एक दिवस सगळे फोटो मुद्दाम आणून टेबलावर मांडले. न्यायमूर्तींनी एकेक फोटो उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाले, "फोटो चांगले आहेत. लेन्स वाईट आहे."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. त्यामुळे घरातही तोच कायदा चालायचा. टोमॅटो, इस्त्रीच्या घड्या, शेजाऱ्यांनी नव्यानं दिलेला रंग, सगळ्यांची तपासणी व्हायची आणि बहुतेक सगळे नापास व्हायचे. बायको पडद्याआडून म्हणायची, "मला मात्र एका भेटीत पसंत केलंत."

"तेव्हा माझ्याकडे भिंग नव्हतं," ते म्हणायचे.

"नशीब माझं," ती म्हणायची. हे संभाषण वर्षातून सात-आठ वेळा तरी व्हायचं, आणि दर वेळी दोघांनाही ते नवं वाटायचं.

त्या मंगळवारी त्यांची भाची आली, म्हणजे बायकोच्या बहिणीची मुलगी. ती एका छापखान्यात मजकूर तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढायचा ती पगार घेते आणि आपण फुकट काढतो, एवढाच आपल्या दोघांत फरक, असं न्यायमूर्ती म्हणायचे. घरात त्यांना घाबरत नसलेली ती दुसरी व्यक्ती. पहिली पडद्यामागे होती.

भाचीनं पिशवीतून एक लोकरी मोजा काढला आणि मोज्यातून एक लेन्स.

"काका, हे माझं कासव."

नाव अगदी बरोबर होतं. ही लेन्स वापरायच्या वेळी नळीसकट बाहेर ओढायची, थोडी उजवीकडे फिरवून कुलपात बसवायची, आणि काम झालं की उलटी फिरवून पुन्हा कॅमेऱ्याच्या पोटात ढकलायची. मान आत घेतली की कॅमेरा कोटाच्या खिशात मावतो. दहा वर्षांपूर्वी भाची परीक्षा पास झाली तेव्हा न्यायमूर्तींनीच तिला एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा दिला होता, पण नुसतंच धड, लेन्सशिवाय. "लेन्स तुझी तू शोध, त्याशिवाय किंमत कळत नाही," असा वर उपदेशही दिला होता. अलीकडे हाती पैसे जमल्यावर आठ महिने दुकानं आणि जाहिराती पालथ्या घालून तिनं ही एक मिळवली होती.

"शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत परत पाठवता येते," ती म्हणाली. "पाचला कुरियरवाला इथेच येईल, मी तुमचा पत्ता दिलाय. तुम्ही नको म्हणालात तर परत. घ्या म्हणालात तर आयुष्यभर."

"तुला कशी वाटते?"

"मला? मी पहिल्या दिवशीच प्रेमात पडले. म्हणून तर तुमच्याकडे आणलीय. प्रेमात पडलेल्या माणसानं निकाल देऊ नये, हे तुमचंच वाक्य."

न्यायमूर्तींना आपलं वाक्य आवडलं. त्यांनी लेन्स ठेवून घेतली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गल्लीत कोणालाच माहीत नव्हती. गेल्या थंडीपासून न्यायमूर्तींचा उजवा अंगठा मुळाशी दुखत होता. नुसता दुखत असता तर त्यांनी चारचौघांत तक्रार केली असती. दुखण्यांच्या बाबतीत ते हात आखडता घेणारे नव्हते. पण हा अंगठा ऐन वेळी जोर सोडून द्यायचा. लेन्सची घट्ट बसलेली कडी फिरवायला घेतली की अर्ध्यावर हात वर करायचा. मग ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "ठेवून जा, दोन दिवसांनी या," आणि गिऱ्हाईक गेलं की दार लोटून रबराचा तुकडा, फडकं, डावा हात, दात, जे मिळेल त्यानं ती कडी फिरवायचे. चाळीस वर्षं याच बोटांवर त्यांचं पोट चाललं होतं. अंगठा गेला हे कळलं तर उद्या कोण येणार? त्यांना त्या विचाराची खरोखर भीती वाटायची. म्हणून ते तो विचार करत नसत.

तपासणी नेहमीसारखी सुरू झाली. बॅटरीचा झोत काचेतून आरपार टाकला. बुरशी नव्हती. पुढच्या काचेवर कोणीतरी सदऱ्याच्या टोकानं पुसल्याच्या बारीक रेघा होत्या, पण त्या त्या वयाच्या प्रत्येक लेन्सवर असतात. उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती कोरडी, तेलाचा थेंब नाही. नळी बाहेर ओढून हलवून बघितली, डुगडुगत नव्हती. न्यायमूर्तींच्या तोंडून "वा" निघून गेलं. पडदा लगेच हलला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. खोकलो."

बुधवारी त्यांनी लेन्स दुकानातल्या तशाच एका कॅमेऱ्याला लावून फिल्म भरली. टेबलावर सात बाटल्या तिरक्या रांगेत मांडल्या, मधल्या बाटलीवर फोकस धरला आणि फोटो काढले. मग बायकोला दारात पेपर वाचत बसवलं. तिच्यामागे अरुंद गल्लीपलीकडे शिंप्याची पाटी दिसत होती. दर फोटोनंतर ते नळी आत ढकलायचे, पुन्हा बाहेर ओढायचे आणि उजवीकडे फिरवायचे, कारण वापरणारा माणूस तसंच करणार. फिरवताना ती घट्ट लागायची. अंगठ्यातून एक बारीक कळ यायची, तिथे ते थांबायचे आणि समजायचे की कुलूप लागलं.

या कॅमेऱ्याची गंमत अशी की डोळा बघतो एका खिडकीतून आणि फोटो काढते लेन्स. खिडकीत एकाच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर बसवल्या की झालं. लेन्स खाली काय उद्योग करतेय याचा खिडकीला पत्ता नसतो. लेन्स अर्धी झोपलेली असली तरी खिडकीत सगळं झकास.

गुरुवारी सकाळी न्हाणीघरात फिल्म धुऊन झाली, दुपारी फोटो हातात आले. बाटल्यांमध्ये मधली धूसर आणि तिच्यामागची पाचवी स्पष्ट. पुढच्या फोटोत सहावी स्पष्ट. त्याच्या पुढच्यात पुन्हा पाचवी. बायकोचा चेहरा धुक्यात, आणि शिंप्याच्या पाटीवरचं 'काज-बटण लगेच' अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

बायकोनं स्वतःचा फोटो हातात घेतला. "अगबाई, वीस वर्षांनी लहान दिसतेय की. घ्या म्हणून लिहा."

"फोकस मागे पडतोय."

"पडू दे. मागे पडायचं वय झालंय त्याचं."

न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांना वेगळीच गोष्ट खुपत होती. बिघडलेली लेन्स खोटं बोलते, पण दर वेळी एकच खोटं बोलते. पाचवी म्हणजे पाचवी. ही मात्र दर फोटोला साक्ष फिरवत होती. म्हणजे काहीतरी जागचं हलत होतं. नळीच किंचित आत घसरत असणार, केसभर कधी, दोन केस कधी. नळी घसरते म्हणजे कुलूप धरत नाही. आणि कुलूप धरत नाही म्हणजे एक तर ते झिजलंय, नाही तर ते मुळात लागलंच नव्हतं.

या 'नाही तर'पाशी येऊन ते अडले. मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले. बायको बाहेर गेलेली होती. त्यांनी फळीवरची कॉफीची बरणी घेतली, उजव्या अंगठ्यानं झाकण पकडलं आणि फिरवलं. झाकण एका फिरकीत निघालं. साखरेची बरणी, तीही तशीच. त्यांनी अंगठ्याकडे अभिमानानं बघितलं. आरोपी निर्दोष सुटला होता.

तेव्हा दोष लेन्सचाच. कुलूप झिजलेलं, नळी घसरते. खोलून नीट करता येईल, पण खोललेली लेन्स मी माझ्या भाचीच्या गळ्यात बांधणार नाही. त्यांनी चिठ्ठीवर 'नको' लिहिलं आणि दोऱ्याला दोन गाठी मारल्या.

शुक्रवारी तीनच्या सुमाराला भाची आली. खोकं आणि चिकटपट्टी बरोबर आणली होती, पण तोंडावरून वाटत होतं की ती लागणार नाही अशीच तिची खात्री होती. तिनं चिठ्ठी वाचली. चेहरा पडला. वाद घालायला ती मागेपुढे बघणारी नव्हती, म्हणून न्यायमूर्ती तासभराच्या भाषणाची तयारी करूनच बसले होते. ती एवढंच म्हणाली, "बरं."

हे 'बरं' त्यांना लागलं.

"कुलूप झिजलंय," ते म्हणाले. "नळी जागेवर राहत नाही. बाहेरून कळत नाही, पण—"

"तुम्ही म्हणता म्हणजे असेलच." तिनं चिठ्ठी न सोडता लेन्स हातात घेतली, सवयीनं नळी बाहेर ओढली आणि फिरवली.

टक्.

आवाज बारीक होता, पण स्वच्छ. न्यायमूर्तींचा हात चहाच्या कपाकडे निघाला होता, तो तिथेच राहिला.

"हे काय वाजलं?"

"कुठे काय?"

"आत्ता. टक् झालं ते."

"कुलूप, काका. नेहमीच वाजतं. तुम्हीच झिजलंय म्हणालात ते." तिनं नळी उलटी फिरवून आत ढकलली, बाहेर ओढली, फिरवली. टक्. मग अंगठ्यानं नळी मागे दाबून बघितली. ती तसूभरही हलली नाही.

तीन दिवस ही लेन्स त्यांच्याकडे होती. निदान चाळीस वेळा त्यांनी ती बाहेर ओढली होती. हा आवाज एकदाही झाला नव्हता.

गप्प राहणं सोपं होतं. भाचीच्या ध्यानात काहीच आलेलं नव्हतं. ती खोक्याचे कागद नीट करत होती. पाचला कुरियरवाला येईल, कासव जाईल, चिठ्ठी खरी राहील आणि अंगठाही झाकलेला राहील. मुलगी थोडे दिवस हिरमुसेल. दुसरी मिळेल तिला. आठ महिन्यांत एक मिळाली, अजून आठ महिन्यांत दुसरी. असे सगळे सोयीचे विचार रांगेत उभे असतानाच न्यायमूर्तींच्या तोंडून भलतंच वाक्य बाहेर पडलं.

"माझ्या अंगठ्याला काहीही झालेलं नाही."

भाचीनं वर बघितलं. "अंगठ्याचं कोण काय म्हणालं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. न्यायमूर्तींचे कान लाल झाले. "कोणी म्हणायच्या आधी सांगून ठेवतोय. कालच मी कॉफीची बरणी उघडली. एका फिरकीत! साखरेचीसुद्धा!"

पडदा सरकला. बायको हातात भाचीसाठी चहा घेऊन उभी होती. तिनं कप टेबलावर ठेवला, सांडलेला थेंब पदरानं पुसला, आणि साध्या आवाजात म्हणाली, "त्या मी सैल करून ठेवते."

"काय?"

"बरण्या. झाकण नुसतं टेकवून ठेवते."

"कधीपासून?"

"थंडीपासून. कॉफी, साखर, तुमची औषधाची बाटली. इथली डिंकाची बाटलीसुद्धा, तुम्ही आंघोळीला गेलात की. न्हाणीघराचा नळ थोडा थेंब-थेंब गळतो ना, तो बिघडलेला नाही. मी घट्ट पिळत नाही."

नळाबद्दल न्यायमूर्तींनी प्लंबरला दोनदा नापास केलं होतं.

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"तुम्ही सांगायची वाट बघत होते," ती म्हणाली. "निकालाला तुम्हाला वेळ लागतो, माहितेय मला. पण एवढा लागेल असं वाटलं नव्हतं."

त्यांना राग आला. आपल्याच घरात इतके महिने आपल्याला लहान मुलासारखं सांभाळलं जात होतं याचा राग. त्याच्या मागोमाग लाज वाटली. आणि मग डोळ्यांसमोर आलं ते असं, की रोज सकाळी ही बाई उठते आणि एकेक झाकण हातात घेऊन, न दिसेल इतपत सैल करून, पुन्हा फळीवर ठेवते. दिवसातून किती तरी वेळा. एकदाही चुकली नाही. भाचीसमोर डोळे भरून येतील की काय असं त्यांना वाटलं, म्हणून ते बायकोवर खेकसले.

"ट्रेसिंग पेपर आण आतून!"

"कशाला?"

"पुरावा नको? नुसत्या टक् वर निकाल देतात का कोणी?"

लेन्स पुन्हा कॅमेऱ्याला लावून त्याची पाठ उघडली आणि फिल्म जिथून धावते तिथे त्यांनी ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवला. असं केलं की लेन्स जे बघते ते थेट कागदावर उमटतं, फिल्म धुवायची वाट बघावी लागत नाही. हे बुधवारीच करायला हवं होतं, पण फोटो काढून निकाल द्यायची त्यांची पद्धत होती आणि पद्धतीपुढे ते कोणाचं ऐकत नसत. सात बाटल्या पुन्हा रांगेत लागल्या. शटरची झडप उघडी धरली. मग त्यांनी कॅमेरा भाचीपुढे सरकवला.

"तू फिरव."

त्यांच्या टेबलावर तपासणीला असलेल्या लेन्सला चाळीस वर्षांत दुसऱ्या कोणी हात लावलेला नव्हता. भाचीनं एकदा मावशीकडे बघितलं, आणि नळी ओढून फिरवली. टक्. न्यायमूर्ती खिडकीतून मधल्या बाटलीवर फोकस धरून मागे आले, भिंग डोळ्याला लावलं आणि कागदावर वाकले. लेन्समधून चित्र उलटंच उमटतं, तशा बाटल्या उलट्या लटकत होत्या. मधल्या बाटलीच्या लेबलावरची बारीक अक्षरं सुईनं लिहिल्यासारखी होती. पाचवी धूसर. सहावी त्याहून धूसर.

"आत ढकल. पुन्हा."

मधली.

"पुन्हा."

मधलीच. पाच वेळा तिनं फिरवलं, पाचही वेळा मधली. सहाव्या वेळी त्यांनी स्वतः फिरवलं. कळ आली तिथे थांबले. वाकून बघितलं. पाचवी बाटली स्पष्ट होती. आणखी काही बघायचं उरलं नव्हतं.

"फार सुंदर लेन्स आहे," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षांत अशी चार-पाच बघितली असतील. चूक माझी आहे. कुलूप लागलंच नव्हतं. माझा अंगठा तिथपर्यंत पोचत नाही."

भाचीनं मावशीसारखंच केलं. काही झालंच नाही अशा थाटात चहा प्यायली. मग चिठ्ठीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "पण काका, चिठ्ठी फिरत नाही ना?"

"फिरवत नाहीये. साक्ष खोटी निघाली, खटला रद्द झाला." त्यांनी दोन गाठी सोडवायचा प्रयत्न केला, त्या सुटेनात, म्हणून लेन्स मुकाट्यानं बायकोकडे दिली. तिनं नखानं दोन्ही गाठी सोडवल्या.

पाचला कुरियरवाला आला. त्याला चहा मिळाला, पार्सल मिळालं नाही. तो जायच्या आतच शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई दारात आल्या. त्यांच्या लेन्सवरची रंगीत काचेची कडी घट्ट बसली होती, काही केल्या निघत नव्हती.

"ठेवून जाऊ ना?" बाईंनी विचारलं. "दोन दिवसांनी येते."

न्यायमूर्तींनी लेन्स हातात घेतली, कडीवरून बोट फिरवलं. खोलीत भाची होती, कुरियरवाला होता, दार सताड उघडं होतं.

"ठेवायची गरज नाही," ते म्हणाले. "माझ्या उजव्या अंगठ्यात आता जोर राहिलेला नाही. काय करायचं ते मला कळतं, पण फिरवायला माणूस लागतो. थांबा, बायकोला बोलावतो."

बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या आईचंही तसंच आहे," आणि स्टुलावर टेकल्या. एवढंच झालं. कोणी उठून गेलं नाही.

बायको ओले हात पुसत बाहेर आली. त्यांनी सांगितलं तसं तिनं कडी रबरात धरली, दाबायची नाही, नुसती सावकाश फिरवायची, आणि कडी सुटून तिच्या हातात आली. तिनं लेन्स उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

"आत धूळ दिसतेय हो."

"ती बाहेरच्या काचेवर आहे."

"आतच आहे."

न्यायमूर्तींनी लेन्स घेतली, बॅटरी लावली आणि बराच वेळ बघितलं. धूळ आतच होती. बाईंना त्यांनी बसल्या स्टुलासकट थोडं सरकायला सांगितलं, खाली वाकून टेबलाखाली कित्येक वर्षं पडलेलं दुसरं स्टूल बाहेर काढलं, फडक्यानं झटकलं आणि आपल्या उजव्या हाताला, अगदी खेटून ठेवलं.

"बस," ते बायकोला म्हणाले.